ठिणगीची मूळ वेळ : जुन्या संगणकी इंजिनाची मोजणी

शेतकऱ्याच्या दारीं हल्लीं जीं यंत्रें उभीं असतात त्यांपैकीं बहुतेक डिझेलवर चालणारीं असल्यामुळें त्यांत ठिणगीचा प्रश्न उद्भवत नाहीं. परंतु ज्यांच्या वाड्यांत एखादी जुनी पेट्रोल जीप किंवा पिकअप अद्याप नांदत आहे, अथवा ज्यांचे मुलगे-पुतणे परदेशीं जाऊन तेथील शेतकऱ्यांच्या शेजारास राहिले आहेत, त्यांच्या कानांवर या यंत्रांविषयीं दोन परस्परविरुद्ध मतें नेहमीं येतात. एक पक्ष म्हणतो, “गाडींत संगणक बसविलेला आहे, तो सर्व कांहीं आपोआप पाहतो, आपण हात लावूं नये.” दुसरा पक्ष म्हणतो, “इंजिन तें इंजिन. डिस्ट्रिब्यूटर ढिला करावा, कानानें ऐकावें, आणि जेथें तें गोड बोलेल तेथें घट्ट करावा.” आमच्या मतें दोन्ही पक्षांजवळ निम्मेंच सत्य आहे. सुमारें १९८० नंतरच्या दहा-पंधरा वर्षांत अशीं पुष्कळ इंजिनें निघालीं कीं ज्यांत संगणकहि आहे व हातानें फिरविण्याचा डिस्ट्रिब्यूटरहि आहे. त्यांत धन्याचें काम कोठें संपतें व संगणकाचें कोठें सुरू होतें, ही हद्द ज्यास कळली त्यालाच ठिणगीची वेळ नीट लावितां येते. ती हद्द कशी ओळखावी एवढेंच येथें सांगावयाचें आहे.

उदाहरणादाखल आम्ही अमेरिकेंतील फोर्ड कंपनीचें ३०० घन इंचांचें, म्हणजे ४.९ लिटरचें, एका ओळींत सहा सिलिंडर असलेलें इंजिन घेतों. हें इंजिन १९६५ पासून १९९६ पर्यंत निघत होतें. पिकअप गाड्यांखेरीज पाणी उपसण्याचे पंप, जनित्रें अशा कामांसहि तें जुंपलें गेलें, त्यामुळें तिकडील शेतकऱ्यांत त्याचा लौकिक आपल्याकडील एखाद्या खिलार बैलासारखा आहे. दिसावयास ओबडधोबड, परंतु ओढीस चिवट. १९८७ पासून एफ-१५० गाडींतील या इंजिनावर कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोलचे फवारे आले व त्यांचा कारभार त्या कंपनीच्या चौथ्या पिढीच्या संगणकाकडे होता. डिस्ट्रिब्यूटर मात्र राहिला.

आतां ठिणगीच्या वेळेचें गणित पाहूं. सिलिंडरमधील मिश्रणास ठिणगी लागतांच सर्व मिश्रण एका क्षणांत पेटत नाहीं. गंजीस एका कोपऱ्यास विस्तव लागावा व जाळ दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत पसरत जावा, तसेंच येथें घडतें. जाळाचा पुरा जोर दट्ट्या माथ्यावरून नुकताच खालीं वळला असतां त्यावर पडावा, म्हणजे सर्वांत अधिक ओढ मिळते. म्हणून ठिणगी दट्ट्या माथ्यावर पोंचण्याच्या थोडी आधीं पाडावी लागते. ही ‘थोडी आधीं’ क्रँकच्या फिरण्याच्या अंशांत मोजतात. इंजिन मिनिटास ६०० फेरे फिरत असेल तर तें सेकंदास १० फेरे, म्हणजे ३,६०० अंश फिरतें. सेकंदाच्या एका सहस्रांशांत ३.६ अंश. तेंच ३,००० फेऱ्यांवर गेलें कीं त्याच सहस्रांशांत १८ अंश पुढें जातें. वेग वाढला कीं मिश्रण अधिक घुसळलें जाऊन जाळहि लौकर पसरतो हें खरें, तरी तो वेगाच्या प्रमाणांत पुरेसा लौकर पसरत नाहीं. म्हणून जसजसा वेग वाढेल तसतशी ठिणगी अधिक आधीं पाडणें भाग पडतें. उलट चढावर भरल्या गाडीनें, दाबलेल्या पायानें चालतांना सिलिंडरांत दाट मिश्रण कोंडलेलें असतें व जाळ लौकर पसरतो. त्या वेळीं ठिणगी फार आधीं पडली तर उरलेलें मिश्रण जाळ पोंचण्यापूर्वींच दाबानें व उष्णतेनें आपोआप भडकतें, आणि कोणी लोखंडावर खडे मारावे तसा खणखण आवाज येतो. हा आवाज बरेच दिवस चालूं दिला तर दट्ट्याचा माथा फुटतो व त्याच्या कड्या मोडतात. ठिणगी उशिरा पडली तर आवाज कांहीं येत नाहीं. परंतु जाळ दट्ट्याच्या मागें धांवत राहतो, ओढ जाते, पेट्रोल अधिक लागतें व उष्णता धुराड्यावाटे बाहेर पडून तेथील लोखंड तापवितें. ज्या दोषास आवाज नाहीं तो दोष शेतकऱ्याच्या लक्षांत उशिरा येतो, म्हणून हा दुसरा प्रकार आम्हांस पहिल्याहून फसवा वाटतो.

पूर्वींच्या गाड्यांत हा आगाऊपणा कमीअधिक करण्याचें काम डिस्ट्रिब्यूटरमधील दोन वजनें व एक हवेच्या ओढीवर चालणारी डबी करीत. वेग वाढला कीं वजनें बाहेर फांकत व ठिणगी पुढें नेत. इंजिनावर ओझें कमी असलें कीं डबी आणखी थोडी पुढें नेई. संगणकी गाडींत हीं वजनें व डबी काढून टाकिलीं आणि हिशेब संगणकाकडे दिला. डिस्ट्रिब्यूटरच्या आंत एक खिडक्या पाडलेली लोखंडी वाटी फिरते. तिची खिडकी चुंबकीय नेत्रापुढून गेली कीं “दट्ट्या अमुक ठिकाणीं आला” अशी वर्दी निघते. ही वर्दी ठिणगी पाडणाऱ्या पेटीस व संगणकास अशी दोघांसहि जाते. संगणक वेग, ओझें व पाण्याची उष्णता पाहून ठिणगी किती आधीं पाडावयाची हें ठरवितो आणि आपला हुकूम एका स्वतंत्र तारेनें पेटीकडे धाडतो. या तारेंत एक लहानसा काढता-घालता येणारा प्लग असतो. तिकडील कारागीर त्यास ‘स्पाउट’ म्हणतात. हा प्लग काढला कीं संगणकाचा हुकूम पेटीपर्यंत पोंचत नाहीं, आणि पेटी निव्वळ डिस्ट्रिब्यूटरच्या वर्दीवर, ठरलेल्या एकाच जागीं ठिणगी पाडूं लागते. हीच मूळ वेळ. या इंजिनांत ती माथ्याच्या आधीं १० अंश असावी असें कंपनीनें ठरविलें असून बॉनेटखालीं चिकटविलेल्या कागदावर तसें छापलेलें असतें.

येथें आमच्या जुन्या धंद्यांतील दृष्टांत द्यावासा वाटतो. भूकरमापक शेताच्या मोजणीस येतो तेव्हां तो प्रथम कायमची निशाणी शोधतो. ती सांपडल्यावर मग बाकीचीं अंतरें धरतो. कोणी शेजाऱ्याच्या नव्या बांधापासून मोजूं लागला तर प्रत्येक अंतर बरोबर मोजूनहि सर्व नकाशा चुकतो. संगणक हा असाच मोजणारा आहे. तो आपले अंश मूळ वेळेपासून पुढें मोजतो, आणि ती मूळ वेळ कोठें आहे हें तो स्वतः पाहूं शकत नाहीं. ती १० अंशांवर आहे असें तो धरून चालतो.

याचा पडताळा आम्हांस २०२३ सालच्या ऑक्टोबरांत आला. आम्ही त्या वेळीं अमेरिकेंतील आयोवा राज्यांत एम्स या गांवीं चिरंजिवांकडे होतों. मक्याची काढणी ऐन भरांत होती. गांवाबाहेर ज्या शेतकऱ्याशीं चिरंजिवांचा घरोबा आहे, त्याच्याजवळ १९९० सालची हीच गाडी होती. गडी सत्तरीचा, बोलण्यास कमी, पण आपल्या यंत्रांची खडानखडा माहिती असलेला. डिस्ट्रिब्यूटर बदलण्यासाठीं त्यानें गाडी एका कारखान्यांत दिली होती. ती परत आल्यापासून मागें धान्याची छोटी गाडी जोडली कीं ती रडत चालूं लागली. इंजिन बंद करण्याचें नांव काढीत नव्हतें, आवाजहि करीत नव्हतें. केवळ ओढत नव्हतें. कारखानदारानें आपण दिवा लावून १० अंश पाहिले आहेत असें ठामपणें सांगितलें होतें, आणि तें खोटें नव्हतें. म्हाताऱ्यानें आमच्यासमोर दिवा लावला तेव्हां खूण बरोबर १० वर दिसली. मग त्यानें तो लहानसा प्लग उपटला, व खूण माथ्याच्या पलीकडे २ अंश उशिरा जाऊन बसली.

वाचकांनीं ही वजाबाकी ध्यानांत घ्यावी. त्या क्षणीं संगणक आपल्या बाजूनें १२ अंश घालीत होता. कारखान्यांत प्लग न काढतांच दिवा लाविला गेला. खूण २२ वर दिसली असेल. मग डिस्ट्रिब्यूटर मागें फिरवून ती १० वर आणली गेली. म्हणजे संगणकाची भर मूळ वेळेंत धरून तेवढी जमीन खात्यांतून कमी केली! त्यानंतर प्रत्येक वेगाला, प्रत्येक ओझ्याला ठिणगी १२ अंश उशिरा पडत राहिली. डिस्ट्रिब्यूटर क्रँकच्या निम्म्या वेगानें फिरतो, यास्तव क्रँकचे १२ अंश म्हणजे डिस्ट्रिब्यूटरचे अवघे ६. त्याच्या धडाचा व्यास चार इंच धरला तर कडेवर तें अंतर इंचाच्या पांचव्या भागाएवढें भरतें. ज्वारीच्या दाण्याहून थोडेंसें मोठें अंतर, परंतु तेवढ्यानें सहा सिलिंडरांची ओढ हरपली होती. धड पुन्हां जागेवर आणल्यावर तीच गाडी भरलें धान्य घेऊन चढावर गेली, तेव्हां म्हाताऱ्यानें आमच्याकडे पाहून एक भुंवई वर केली. यापलीकडे तो कांहीं बोलला नाहीं.

त्यानें जी रीत पाळली ती अशी. इंजिन प्रथम पुरतें तापूं दिलें, कारण थंड असतां त्याची चाल स्थिर नसते. चाकांस ठोकळे लावले, गिअर काढून ठेविला, हवा थंड करण्याचें यंत्र व इतर विजेचा भार बंद केला. इंजिन बंद करून क्रँकच्या पुढच्या टोकावरील जाड चाक, ज्यास कारागीर बॅलन्सर म्हणतात, तें चिंधीनें पुसलें व १० अंशांच्या रेघेंत खडू भरला. तेल-मातीखालीं ती रेघ मुळींच दिसत नव्हती. दिव्याच्या दोन तारा बॅटरीस, लाल ती धनाकडे व काळी ती ऋणाकडे, लाविल्या आणि तिसरा चिमटा पहिल्या सिलिंडरच्या ठिणगीच्या तारेवर बसविला. नंतर प्लग काढला, इंजिन सुरू केलें व दिवा चाकावर धरला. पहिल्या सिलिंडरांत ठिणगी पडली कीं दिवा लखकन् चमकतो. त्यामुळें वेगानें फिरणारें चाक डोळ्यांस जागच्या जागीं उभें राहिल्यासारखें दिसतें व काट्यासमोर कोणती रेघ आली तें वाचतां येतें. डिस्ट्रिब्यूटरच्या बुडाशीं त्यास धरून ठेवणारा एकच बोल्ट असतो. तो पुरता न काढतां धड हाताच्या जोरानें जेमतेम हालेल इतकाच सैल केला. या इंजिनांत आंतील दांडा वरून पाहतां घड्याळाच्या काट्यांच्या दिशेनें फिरतो. म्हणून धड काट्यांच्या उलट फिरविलें कीं ठिणगी आधीं येते, व काट्यांच्या दिशेनें फिरविलें कीं उशिरा जाते. रेघ १० वर आली, बोल्ट आवळला, आणि पुन्हां एकदां पाहिलें. हें दुसऱ्यांदा पाहणें कोणी गाळूं नये, कारण बोल्ट आवळतांना धड थोडेंसें सरकतेंच. मग इंजिन बंद करून प्लग जागीं बसविला.

प्लग बसविल्यावर म्हातारा आणखी एकदां दिवा धरून पाहावयास विसरला नाहीं, आणि ही खूणगांठ आम्हांस सर्वांत मोलाची वाटली. प्लग जागीं गेल्यावर खूण १० वरून पुढें सरकली पाहिजे व पाय दाबतां आणखी पुढें गेली पाहिजे. ती जागची हललीच नाहीं तर संगणकाचा हुकूम पेटीपर्यंत पोंचत नाहीं असें समजावें. तारेंत, प्लगांत अथवा संगणकांत दोष आहे; डिस्ट्रिब्यूटर कितीहि फिरविला तरी तो दोष जाणार नाहीं. प्लग बसवावयाचा विसरूनच गाडी वर्षभर चालविणारेहि आहेत म्हणतात. अशी गाडी चालते, कारण ठिणगी १० अंशांवर पडतच असते, पण सर्व वेगांस तेवढ्यावरच पडत असल्यामुळें ती गोणी वाहणाऱ्या गाढवाच्या चालीनें चालते. तसेंच, गाडी तापल्यावर अचानक बंद पडून थंड झाल्यावर पुन्हां सुरू होत असेल तर दोष बहुधा ठिणगीच्या पेटींत असतो. या पेटीस उष्णता सोसत नाहीं हें सर्वश्रुत आहे. तेथें वेळेशीं खेळूं नये.

काम चालू असतां पुढचा पंखा फिरत असतो याचें भान ठेवावें. उपरणें, सैल बाही किंवा गळ्यांतील साखळी यांनीं आजवर पुष्कळांचे हात घेतले आहेत. बंद गोठ्यांत वा खोलींत इंजिन चालूं ठेवूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साइड वायूस वास नसतो व तो माणसास झोंपेंतच नेतो.

आतां मूळ निशाणीच हललेली असेल तर काय? महसुली कामांत आम्हीं असे दगड पाहिले आहेत, जे रात्रीं एका बांधावर व सकाळीं दुसऱ्यावर असत. येथें कोणी लबाडी करीत नाहीं. परंतु बॅलन्सरचें चाक दोन भागांचें असतें, आंतला गाभा व बाहेरचें कडें, आणि त्यांच्यामध्यें रबराचा थर असतो. रबर तेलानें व वयानें मेलें कीं कडें गाभ्यावरून सरकतें. रेघा कड्यावर कोरलेल्या असल्यामुळें त्या खोटें सांगूं लागतात. दिवा चांगला, प्लग काढलेला, रेघ १० वर, आणि तरीहि इंजिन खणखणतें किंवा ओढत नाहीं, असें झालें म्हणजे हा संशय घ्यावा. पडताळा सोपा आहे. पहिल्या सिलिंडरचा स्पार्क प्लग काढून त्या भोंकांत दट्ट्यास अडविणारा बोथट खिळा आट्यांनीं बसवावा. मग बॅटरीची तार सोडून क्रँक हातानें हळूहळू एका दिशेनें फिरवावा. दट्ट्या अडेल तेथें काट्यासमोर कड्यावर खडूनें खूण करावी. नंतर उलट दिशेनें फिरवून पुन्हां अडेल तेथें दुसरी खूण करावी. दोन्ही खुणांच्या बरोबर मध्यावर खरा माथा. तेथें शून्याची रेघ नसेल तर कडें सरकलें आहे, व चाक बदलण्यावांचून गत्यंतर नाहीं. सरकलेल्या कड्यावर नवी रेघ ओढून काम भागविणारे लोक आहेत. परंतु जें कडें एकदां सरकलें तें पुन्हां सरकणार नाहीं याची हमी कोण देतो?

ज्यांच्या हातीं दिवा आला त्यांस लागलीच एक मोह होतो. मूळ वेळ १० ऐवजीं १३-१४ वर ठेविली तर गाडी जरा चपळ होते, असें सांगणारे जागोजाग भेटतात. रिकाम्या गाडीस तें कांहीं अंशीं खरेंहि आहे. परंतु संगणक आपली भर त्यावरच घालीत असल्यामुळें ते चार अंश भरल्या गाडीस, चढावर, उन्हाच्या दिवशींहि लागू होतात. आणि खणखण होण्याचा धोका नेमका तेथेंच असतो. तिकडील साध्या पेट्रोलचा ८७ हा आंकडा निराळ्या पद्धतीनें काढलेला असून आपल्याकडील पद्धतीनें तो सुमारें ९१ भरतो. ही गाडी तेवढ्याच पेट्रोलासाठीं बांधलेली आहे. ओझें वाहणाऱ्याच्या गाडीस छापील १० अंशच बरे, असें आमचें स्पष्ट मत आहे. ज्यास शर्यत लावावयाची असेल त्यानें निराळी गाडी पाहावी.

इतर कंपन्यांच्या त्याच काळांतील गाड्यांत तत्त्व हेंच, मात्र संगणकाचा हात धरण्याची रीत निराळी. टोयोटाच्या ‘२२ आर-ई’ इंजिनांत तपासणीच्या डबीतील दोन ठराविक टोकें तारेच्या तुकड्यानें जोडावीं लागतात व मूळ वेळ ५ अंशांवर ठेवावी लागते. शेव्हरोलेच्या ५.७ लिटर इंजिनाच्या त्या वेळच्या पिकअपांत एक विशिष्ट तार सोडवावी लागते आणि मूळ वेळ शून्यावर, म्हणजे थेट माथ्यावर, ठेवावी लागते. यावरून एका गाडीचा आंकडा दुसरीस लावणें किती धोक्याचें आहे हें दिसून येईल. आपल्याकडील जुन्या पेट्रोल गाडीसहि तिच्याच पुस्तकांतील रीत व आंकडा पाहावा, शेजाऱ्याचा नव्हे. अलीकडील गाड्यांत डिस्ट्रिब्यूटर नाहींच. क्रँकवरील दांत्यांचें चाक पाहून संगणक सर्वच वेळ ठरवितो, तेव्हां तेथें फिरवावयास बोल्टहि उरलेला नाहीं.

यंत्र दुरुस्त करण्याचा धन्याचा हक्क हा विषय अमेरिकेंतील शेतकऱ्यांत बराच तापलेला आहे. कोलोराडो राज्यानें २०२३ सालीं कायदा करून शेतीच्या यंत्रांचे सुटे भाग, हत्यारें व संगणकी माहिती शेतकऱ्यांस देणें उत्पादकांवर बंधनकारक केलें, व तो १ जानेवारी २०२४ पासून अंमलांत आला. आयोवांतील त्या म्हाताऱ्यास त्याविषयीं विचारलें असतां तो म्हणाला कीं आपल्या नव्या ट्रॅक्टरास तो कायदा हवा आहे, या जुन्या गाडीस नको. हिचा कायदा बॉनेटखालीं चिकटविलेला आहे.

ज्यांच्याजवळ अशी गाडी असेल त्यांनीं तपासणी झाल्यावर बॉनेटच्या आंतल्या बाजूस एक चिठ्ठी लावून तारीख, प्लग काढून दिसलेले अंश, प्लग बसवून दिसलेले अंश व बोल्ट कोणी आवळला त्याचें नांव लिहून ठेवावें. पुढच्या वेळीं आंकडा हलला असेल तर धड सरकलें कीं कडें सरकलें, याचा शोध त्या चिठ्ठीपासून सुरू करितां येतो.